गाला आणि फ्रीजर: ल्युपस निधीसंध्येच्या नोंदी

११ जानेवारी, शनिवार

पहिली बैठक. आठ जणांना बोलावलं होतं, सहा आले. एकीचे सांधे सकाळपासून धरलेले, दुसरी कालच शिरेतून औषधाचं इन्फ्युजन घेऊन घरी परतलेली. ल्युपसच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराच्या, रुग्णांचाच गट म्हटल्यावर हजेरीचं असंच राहणार. म्हणून आजच ठरवून टाकलं: प्रत्येक कामाला दोन माणसं. एक करणारा, दुसरा पहिला आडवा पडला तर करणारा.

तारीख १० मे. जागतिक ल्युपस दिन २००४ पासून याच दिवशी पाळतात आणि यंदा तो शनिवारी येतोय. २४ टेबलं, प्रत्येकी १० माणसं. जेवण, थोडं संगीत, लिलाव, देणगीचं आवाहन आणि मध्ये आमच्या डॉक्टर मॅडमचा गौरव. पैसा संशोधनाला. कोणत्या संशोधनाला? "ते पुढे बघू," म्हणून सगळे उठले. मला ते 'पुढे बघू' टोचलं, पण पहिल्याच दिवशी कटकट नको म्हणून गप्प बसले.

'गाला' हा शब्द खजिनदारांना, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकांना, मान्य नाही. गालावर पुरळाचं फुलपाखरू घेऊन फिरणाऱ्यांनी भरवायचा तो गाला, अशी त्यांची व्याख्या. कागदोपत्री 'निधीसंध्या' लिहायचं ठरलं. बोलताना काकांसकट सगळे गालाच म्हणतात.

समन्वय माझ्याकडे. कारण विचारलं तर अध्यक्ष म्हणाल्या, "वही फक्त तूच आणली होतीस."

२० जानेवारी

ओपीडी संपल्यावर मॅडमना भेटले. माझ्या आधी अकरा जण बाकी होते, त्यामुळे 'संपल्यावर' म्हणजे दिवेलागणीनंतर.

सत्कार म्हटल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं. हे त्यांचं 'नाही' म्हणणं. अकरा वर्षांत मी ते टोपण बऱ्याचदा पाहिलंय: गोळी बंद करू का विचारलं की, उन्हात सहलीला जाऊ का विचारलं की. म्हणाल्या, "मी काही शोध लावलेला नाही. मी फक्त माणसांना पुन्हा पुन्हा बोलावते आणि लिहून ठेवते."

मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "पैसे कुठे जाणार?" ठरलं नाही, असं खरं ते सांगितलं. मग त्या मला तळमजल्यावर घेऊन गेल्या.

तिथे दोन फ्रीजर आहेत, उणे ८० अंशांचे. आत १९९८ पासूनच्या सीरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ द्रवाच्या, कुप्या. ज्या रुग्णांनी संमती दिली त्यांच्या दर भेटीत एक नळी जास्त रक्त घ्यायचं, सीरम वेगळं करायचं, कुपीवर क्रमांक टाकायचा आणि वहीत त्या दिवशीची अवस्था लिहायची: सांधे, पुरळ, लघवीतलं प्रथिन, स्टिरॉइड किती, झोप कशी. नऊ हजारांहून जास्त कुप्या. जुना फ्रीजर आता कुरकुरतो. मागच्या वर्षी दोनदा शनिवार-रविवारी त्याचं तापमान उणे ५२ पर्यंत वर आलं. धोक्याची घंटा वाजत असणार, पण रविवारी तळमजल्यावर ऐकणार कोण? सोमवारी एका निवासी डॉक्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

मॅडमच्या अटी दोन. पैसा या कुप्यांना मिळावा. आणि कार्यक्रम असा असावा की रुग्णाला शेवटपर्यंत बसता येईल. "नाहीतर तुम्ही सगळे माझ्यासाठी उभे राहाल आणि सोमवारी माझ्याच ओपीडीत याल."

२५ जानेवारी

कमिटीला फ्रीजर आवडला नाही.

प्रायोजक बघणाऱ्या आमच्या मित्राचं म्हणणं सरळ होतं: लोक आशेला पैसे देतात, कपाटाला नाही. त्याने निमंत्रणाचा मजकूर करून आणला होता. पहिलीच ओळ, 'ल्युपस आता बरा होणार!' खाली जर्मनीतल्या एर्लांगेनच्या सीएआर-टी उपचाराचा उल्लेख. उपचार खरा आहे आणि थक्क करणाराही. रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, काढून त्यांना प्रतिपिंडांच्या मुळाशी असलेल्या बी पेशी ओळखायला आणि मारायला शिकवायचं, मग त्या परत शरीरात सोडायच्या. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांचे निष्कर्ष छापले. त्यातले ८ ल्युपसचे आणि आठही जणांचा आजार शांत, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद.

पण आठ. आमच्या गटाच्या एका टेबलावर याहून जास्त माणसं बसणार आहेत. मी मजकूर मॅडमना पाठवला. उत्तरात दोनच शब्द आले: "आठ जण." ओळ काढली. मित्र दोन दिवस फुगून होता.

फ्रीजरचा निर्णय पुढच्या शनिवारी.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मी तयारीनिशी गेले. २००३ मधला एक अभ्यास मॅडमनी वाचायला दिला होता, तो कमिटीला गोष्टीसारखा सांगितला.

अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्यांचं रक्त घेतात आणि त्यातलं सीरम साठवून ठेवतात. लाखोंनी कुप्या. ते ल्युपससाठी नसतं, त्या माणसांना तेव्हा काही झालेलंही नसतं. पुढे त्यांच्यातल्या काहींना ल्युपस झाला. संशोधकांनी अशा १३० जणांच्या जुन्या कुप्या उघडल्या. १३० पैकी ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच किमान एक स्वप्रतिपिंड, म्हणजे शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेलं प्रतिपिंड, हजर होतं. सरासरी तीन वर्षांहून जास्त आधी, एका ठिकाणी तर नऊ वर्षांहून जास्त आधी. आणि ती सगळी एकदम येत नाहीत, त्यांचा क्रम असतो. एएनए, अँटी-रो, अँटी-ला या नावांची आधी येतात. डीएनएविरुद्धचं त्यानंतर. एसएम आणि आरएनपी नावाच्या प्रथिनांविरुद्धची अगदी उंबरठ्यावर.

म्हणजे आजार दारात येण्याआधी कित्येक वर्षं अंगणात फिरत होता. हे कळलं कशामुळे, तर कोणीतरी कुप्या थंड ठेवल्या आणि वीज जाऊ दिली नाही.

पुढचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. माझं निदान होण्याआधी चार वर्षं मला 'ताण आहे', 'लग्न झालं की ठीक होईल', 'व्हिटॅमिन घ्या' असं सांगत होते. त्या चार वर्षांतली माझी एक कुपी कुठे असती, तर तिने तेव्हाच साक्ष दिली असती.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग काकांनी चष्मा काढून जो प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. ज्यांचा सत्कार करायचा त्यांच्याच विभागाला पैसे द्यायचे, हे दिसायला कसं दिसेल? देणगीदाराला काय वाटेल?

बरोबर होतं. तासभर डोकं फोडल्यावर असं ठरलं: निव्वळ रकमेतला अर्धा भाग कुप्यांच्या पेढीला, म्हणजे नवा फ्रीजर, फोनवर वाजणारी घंटा आणि वह्या संगणकात उतरवणारं एक अर्धवेळ माणूस. पैसा डॉक्टरांच्या नावे जाणार नाही, संस्थेच्या खात्यात याच कामासाठी राखीव राहील. कुप्या कोणत्या अभ्यासाला द्यायच्या ते ठरवणाऱ्या समितीत मॅडम नसतील. उरलेला अर्धा भाग दोन तरुण संशोधकांना सुरुवातीचं अनुदान म्हणून. निवड बाहेरचे परीक्षक करतील.

मॅडमना फोन केला. "समितीत नसले तर बरंच, माझी एक मीटिंग वाचली."

८ फेब्रुवारी

औषध कंपन्यांचे पैसे घ्यायचे की नाही, यावर दोन तास. शेवटी घ्यायचे, पण मंचावर फलक नाही, भाषण नाही, रुग्णांच्या टेबलावर पत्रकं नाहीत आणि अनुदानाच्या निवडीत जागा नाही. एका कंपनीने हे ऐकून नम्रपणे माघार घेतली. दुसरीने पाठवतो म्हटलं. बघू.

१५ फेब्रुवारी

हॉल पाहिला. सुंदर. म्हणूनच अडचण.

पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. व्यवस्थापक कौतुकाने सांगत होते की मे महिन्यात सूर्यास्ताचा उजेड थेट टेबलांवर येतो. आमच्यासाठी ती जाहिरात नाही, धमकी आहे. साधी काच अतिनील किरणांतला यूव्हीबी बराचसा अडवते, यूव्हीए मात्र भरपूर आत सोडते आणि आमच्यातल्या कित्येकांना तेवढाही पुरतो. आधी पुरळ, मग ताप, मग सांधे. कधी थेट मूत्रपिंडापर्यंत.

भाचीच्या खेळण्यातले मणी नेले होते. अतिनील किरण लागले की पांढऱ्या मण्यांना रंग चढतो, सावलीत नेले की उतरतो. काचेजवळ धरले तर पाच-सहा सेकंदांत जांभळे झाले. व्यवस्थापक बघतच राहिले. जांभळा हा ल्युपसच्या जनजागृतीचा रंग. आमची सजावट बघणारी मैत्रीण म्हणाली, "थीमला शोभतायत." तिला चिमटा काढला.

हॉल सोडायचा नाही, कारण लिफ्ट आणि उताराची सोय इथेच आहे. कार्यक्रम सूर्यास्तानंतर सुरू करायचा, आधीचा गप्पांचा वेळ पूर्वेच्या दालनात, आणि पश्चिमेला जाड पडदे. पडद्यांचा खर्च काकांनी 'सजावट' खात्यात टाकला. मी तो खोडून 'वैद्यकीय' खात्यात टाकला.

२ मार्च

बारीकसारीक कामांचा दिवस. उभं राहून स्वागतपान नाही, खुर्च्या पहिल्या मिनिटापासून. अत्तराचे फवारे नकोत. आडवं होण्यासाठी मागे एक खोली, अंधारी आणि शांत. हात धुण्याची सोय दोन ठिकाणी, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं निम्म्या लोकांची चालू असतात. गर्दी आटोपशीर असावी म्हणून २४ ऐवजी २२ टेबलं केली. काकांनी उसासा टाकला.

जेवणाची यादी मी दोनदा वाचली. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांसाठी मीठ कमी असलेली पानं वेगळी सांगितली. कोशिंबिरीत अल्फाल्फाचे मोड होते, ते काढायला लावले. स्वयंपाकाचं काम घेतलेल्यांना वाटलं मी नखरे करतेय. त्यांना सांगितलं, त्या मोडांत एल-कॅनाव्हनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांना ते खाऊ घातल्यावर त्यांच्यात ल्युपससारखी लक्षणं दिसली होती. ते म्हणाले, "एवढ्याशा मोडांत?" किती मोडांनी त्रास होतो ते मलाही ठाऊक नाही, पण आम्ही टाळतो.

९ ते २१ मार्च

नोंद नाही.

२२ मार्च

फ्लेअर, म्हणजे आजार पुन्हा उसळला. उजवं मनगट आणि छातीत पाणी. वहीत हे लिहायचं नव्हतं, पण कामं का रखडली त्याचं कारण नोंदीत असायला हवं. निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या नव्हत्या. माझी बदली म्हणून नेमलेली मैत्रीण त्याच आठवड्यात परीक्षेला बसली होती. एक करणारा आणि एक राखीव, हे पुरत नाही. तिसरा नेमला.

बिछान्यातून एक काम झालं. सूत्रसंचालकाला फोनवर आजाराच्या पूर्ण नावातला 'एरिथेमॅटोसस' म्हणायला शिकवलं. चौदाव्या प्रयत्नात जमलं. मग त्यालाच सांगितलं की हा शब्द कार्यक्रमात वापरायचाच नाहीये.

२९ मार्च

मानपत्राचा पहिला मसुदा आला. त्यात 'देवदूत', 'मायेचा सागर' आणि 'रुग्णसेवेचा अखंड नंदादीप'. सागरात नंदादीप कसा टिकेल असं मी विचारलं. लेखकाला राग आला. आता मसुदा माझ्याकडे.

मला त्यात मॅडम दिसायला हव्यात, आणि त्या कोणत्या रांगेत उभ्या आहेत तेही. १९४८ मध्ये माल्कम हार्ग्रेव्हज यांनी अमेरिकेतल्या मायो क्लिनिकमध्ये अस्थिमज्जेच्या नमुन्यांत एक विचित्र पेशी पाहिली, तिला एलई पेशी म्हणतात. तिथून हा आजार सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता यायला लागला. १९५५ मधली एक पाहणी सांगते की तेव्हा निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात असायचे. आज दहा वर्षांनीही बहुतेक जण असतात. मधल्या काळात एकच मोठा शोध लागला असं झालेलं नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन मुळात मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातलं. दुसऱ्या महायुद्धात मलेरिया टाळायला तशी औषधं घेणाऱ्या सैनिकांची पुरळ आणि सांधे सुधारताना दिसले, ते कोणीतरी लिहून ठेवलं. अमेरिकेत त्या गोळीला ल्युपससाठी १९५५ मध्ये मान्यता मिळाली आणि त्यानंतरचं खास ल्युपसचं औषध, बेलिमुमॅब, आलं थेट २०११ मध्ये. पन्नासपेक्षा जास्त वर्षं. तेवढा काळ रुग्ण तगले ते स्टिरॉइड नीट मोजून देणाऱ्या, दर भेटीत लघवी तपासणाऱ्या, डोळ्यांची तपासणी चुकवली की रागावणाऱ्या डॉक्टरांमुळे. मानपत्र लिहायचं ते या कामाबद्दल.

गटातल्या बाकीच्यांना विचारलं, एक आठवण सांगा. फोन पडायला लागले. एकीला दुसरीकडे 'मूल होऊ देऊ नका' असं ठणकावून सांगितलं होतं. मॅडमनी तिला आधी सहा महिने आजार शांत ठेवायला सांगितलं, अँटी-रो तपासलं, ते सापडल्यावर गोळी चालू ठेवून सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाचे ठोके वारंवार बघायला लावले, कारण त्या प्रतिपिंडामुळे थोड्या बाळांच्या ठोक्यांत अडथळा येऊ शकतो. मुलगा आता सातवीत आहे आणि दार आपटतो. दुसऱ्याने, आमच्या गटातल्या मोजक्या पुरुषांपैकी एकाने, २०२० सांगितलं. करोनावर चालेल म्हणून सगळे आमच्या गोळ्यांवर तुटून पडले होते. मॅडम रात्री स्वतः औषधविक्रेत्यांना फोन करून कोणाकडे किती पट्ट्या आहेत त्याची यादी ठेवत होत्या. पुढे ती गोळी करोनावर काही उपयोगाची नाही हे सिद्ध झालं. आमच्यावर ती उपयोगाची होती, तेव्हाही आणि आत्ताही.

मानपत्र २१२ शब्दांचं झालं. 'देवदूत' एकदाही नाही.

५ एप्रिल

कुप्यांच्या बाबतीत नवी गाठ. १९९८ ते २००६ च्या संमतिपत्रांवर फक्त 'प्रतिपिंडांच्या तपासण्यांसाठी' असं लिहिलंय. जनुकांच्या अभ्यासाचा उल्लेख नाही, तेव्हा तो कोणाच्या डोक्यात नव्हता. एथिक्स कमिटीचं म्हणणं, हयात रुग्णांकडून नव्याने विचारून घ्या. गेलेल्यांच्या कुप्यांबाबत नियमाप्रमाणे वेगळी परवानगी लागेल.

मी उत्साहाने म्हटलं, आमच्या स्वयंसेवकांना यादी द्या, आम्ही फोन करतो. मॅडमनी टोपण लावलं. बरोबरच. कोण रुग्ण आहे हे आम्हाला कळण्याचा हक्क नाही, आम्ही कितीही चांगले असलो तरी. फोन विभागातलीच माणसं करतायत, काही मॅडम स्वतः करतायत.

१२ एप्रिल

व्यासपीठावर रुग्ण म्हणून कोण बोलणार? मित्राला रडवणारं कोणीतरी हवं होतं. मी तिघींना विचारलं. दोघींनी नाही म्हटलं: एकीच्या कार्यालयात अजून माहीत नाही, दुसरीला दया नको आहे. तिसरी शाळेत शिकवते, तिने हो म्हटलं आणि आज वाचून दाखवलं.

तिने सुरुवात 'लांडगा आला रे आला' ने केली. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा, मध्ययुगापासून चेहऱ्यावरच्या कुरतडल्यासारख्या जखमांना हे नाव. "गोष्टीतला मुलगा खोटं बोलत होता," ती म्हणाली, "मी खरंच बोलत होते. प्रत्येक वेळी लांडगा होता. पण गाववाले येईपर्यंत तो झाडीत जायचा, रिपोर्ट नॉर्मल यायचे आणि मला म्हणायचे, पोरी, लांडगा आहेच कुठे?" पुढे ती कुप्यांवर येते: कुपी म्हणजे लांडग्याच्या पावलाचा ठसा, तो पळाला तरी राहतो.

कोणी रडलं नाही. मित्र म्हणाला, "पैसे येतील." त्याच्या तोंडून ही दाद समजायची.

२० एप्रिल

गटाच्या क्रमांकावर एका गृहस्थांचा फोन. विभागातून त्यांना फोन गेला होता. "आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचं रक्त अजून तिथे आहे म्हणाले. मला दोन दिवस काही सुचेना." मी काय बोलावं ते कळेना. मग त्यांनी तिकीट कसं काढायचं ते विचारलं. एकच हवं होतं.

३ मे

आसनव्यवस्था. चार तास. कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही याची यादी कोणाला बसवायचं याच्यापेक्षा लांब. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

११ मे, पहाटे दोन

झालं. पाय टबात आहेत, वही मांडीवर.

क्रमाने लिहीत नाही, आठवेल तसं.

मणी मी दोऱ्यात ओवून व्याख्यानमंचाला बांधले होते. सहज. शिक्षिका बोलायला उभी राहिली आणि चौथ्या-पाचव्या वाक्याला माझं लक्ष गेलं, मणी फिकट जांभळे. सूर्य तर कधीच बुडालेला, पडदे बंद. ठरलेले दिवे एलईडीचे, त्यांत अतिनील जवळजवळ नसतं. वर पाहिलं, तर तिच्यावर सोडलेला झोत वेगळाच. आमचा एक दिवा आयत्या वेळी बिघडला म्हणून दिवेवाल्याने गोदामातला जुना डिस्चार्ज दिवा लावला होता, पुढची फिल्टरची काच तडकलेली. मी वाकून, टेबलांच्या मधून, साडी सावरत मागे पळाले. "बंद कर." "मॅडम, अंधार होईल." "होऊ दे." झोत गेला. हॉलच्या साध्या दिव्यांत ती थबकली, वर बघितलं, म्हणाली, "लांडगा गेला वाटतं," आणि पुढे बोलत राहिली. लोक हसले. त्यांना वाटलं भाषणातलंच आहे.

मॅडमनी उत्तर दिलं चार मिनिटांत. बहुतेक वेळ त्यांनी तळमजल्यावरच्या तंत्रज्ञांबद्दल घालवला, जे दर नळीचं सीरम वेगळं करून क्रमांक टाकतात. ते सतराव्या टेबलावर होते. त्यांना उभं राहायला सांगितलं नाही, बसल्या जागी हात वर करायला सांगितलं.

आवाहनात फलक उचलून रक्कम सांगायची होती. वरच्या दोन पायऱ्यांवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या रकमांना, शांतता, माझ्या पोटात गोळा. मग तिसऱ्या पायरीपासून हात वर जायला लागले ते थांबेचनात. सगळ्यात खालच्या पायरीला जवळपास अख्खा हॉल. काका मोजताना दोनदा चुकले. सूत्रसंचालकाने शेवटी उत्साहाच्या भरात 'एरिथेमॅटोसस' म्हटलंच. चुकलं.

एक तिकीट घेणारे गृहस्थ बाराव्या टेबलावर होते. कार्यक्रमानंतर ते मॅडमशी पाच मिनिटं बोलले, मी लांब राहिले. मागच्या खोलीत सात जणी आळीपाळीने आडव्या झाल्या, दोघी तिथेच झोपल्या, त्यांना गौरव सोहळा कळलाच नाही.

२४ मे

हिशोब. काकांच्या वहीप्रमाणे जमा आणि कबूल अशा दर १०० मागे ३४ खर्चात गेले. हे जास्त आहे. हॉल आणि पडद्यांनी खाल्लं. मित्राचं म्हणणं, पहिल्या वर्षी एवढं होतंच. काकांचं म्हणणं, हे सगळे तेवढेच पैसे पाकिटात घालून द्यायला काय हरकत होती? दोघांचंही खरं आहे. मी अहवालात ३४ हा आकडा पहिल्या पानावर घातला, अध्यक्षांना तो शेवटच्या पानावर हवा होता. पहिल्या पानावरच राहिला.

कबूल केलेल्यांपैकी पाचवा भाग अजून यायचाय. आठवणपत्रं उद्यापासून. दुसऱ्या कंपनीचे पैसे आले नाहीत.

अनुदानासाठी अर्ज मागवले. परीक्षक तिघे, तिघेही दुसऱ्या संस्थांतले.

२८ जून

फ्रीजर आला आणि तळमजल्याच्या दारात अडकला. चौकटीपेक्षा चार बोटं रुंद. आम्ही पडद्यांची मापं तीनदा घेतली होती, दाराचं एकदाही नाही. सुतार बोलावला, चौकट काढली, सहा माणसांनी तिरका करून आत घेतला. काका बाजूला उभे राहून चौकटीचा खर्च कोणत्या खात्यात, असं विचारत होते.

रिकामा लावून ठेवलाय. तापमान उतरून स्थिर व्हायला एक दिवस तरी द्यायचा, मग कोरड्या बर्फात ठेवून रॅक हलवायचे. घंटेची चाचणी घेतली: दार मुद्दाम उघडं ठेवलं, तिघांचे फोन वाजले. मॅडमचा, तंत्रज्ञांचा आणि माझा. माझा क्रमांक कोणी घातला ते माहीत नाही.

संध्याकाळी सहाला उणे ४१. रात्री साडेनऊला तंत्रज्ञांचा निरोप, उणे ७३. उद्या सकाळी आठला पुन्हा बघायचं.